रेषेपलीकडचं मांस

अर्नालुक जन्मली तेव्हा बर्फाळ उत्तरेतली तिची सरोवराकाठची वस्ती एका मेलेल्या दर्यावर्दीच्या नावाच्या जिल्ह्यात होती. लग्न झालं तेव्हा दुसऱ्यात. नवरा वारला तेव्हा दोन्ही मोडून तिसराच विभाग झाला. म्हातारीने मात्र सरोवराचा काठ कधी सोडला नव्हता. दक्षिणेतल्या सरकारी कचेरीत कुणा रिकामटेकड्याच्या हाती पट्टी लागली, की इथल्या माणसांचा जिल्हा बदलायचा.

या वसंतात त्या कचेरीतला व्हिटकोम साहेब चौथा नकाशा घेऊन उतरला. त्याचं नशीब थोर. त्याच दिवशी अर्नालुकच्या लेकीच्या, पानिकच्या, पहिल्या शिकारीचं जेवण होतं. तिने आदल्या दिवशी कस्तुरी बैल, तिकडचा लांब केसांचा रानबैल, मारला होता. पहिली शिकार सगळी वाटून टाकायची आणि शिकाऱ्याने स्वतः घासही खायचा नाही, ही तिथली रीत. वस्तीने बैल चाटूनपुसून संपवला. साहेबाने तीन वाट्या रस्सा ओरपला. शिवाय लांबून आलेला पाहुणा म्हणून मांडीचा मोठा तुकडा मिळाला, तो त्याने बायकोला दाखवायला पिशवीत कोंबला.

मग ढेकर देऊन त्याने नकाशा पसरला.

"बैल मारला कुठे?"

पानिकने भाबडेपणाने सरोवराच्या दक्षिणेला बोट ठेवलं. साहेबाचा चेहरा एकदम सरकारी झाला.

"रेष सरोवरातून गेलीये. तो काठ कालपासून दुसऱ्या विभागात. तुमचा परवाना तिकडे चालत नाही. हे मांस ज्याच्याकडे सापडेल, त्याची बंदूक जप्त."

पानिक पांढरीफटक पडून आईकडे वळली. "अनाना, बंदूक गेली तर आपण खायचं काय?"

घरात बंदूक ती एकच. आईला मात्र भीतीपेक्षा संताप जास्त आला.

"बैलाला कळवलं होतंस का रे, तुझा जिल्हा बदलला म्हणून?"

"आजी, नियम म्हणजे नियम."

"बरं बाबा. मांस ज्याच्याकडे सापडेल, त्याची बंदूक. होय ना?"

"होय."

"मग घे झडती. पोरीने घास खाल्लेला नाही, तिच्याकडे हाडूकसुद्धा मिळायचं नाही." म्हातारीने काठीने त्याची पिशवी ढोसली. "हिच्यात काय आहे? आणि तुझ्या पोटातलं कसं जप्त करणार?"

सगळी वस्ती खदखदून हसली. साहेब कानापर्यंत लाल झाला.

"रेष तशी... अजून पक्की नाही," तो पुटपुटला. त्याने खोडरबर काढलं आणि रेष दक्षिणेला ओढली, चांगली दोन दिवसांच्या वाटेवर.

"अजून जरा खाली," अर्नालुक म्हणाली. "थंडीत हरणं तिकडे असतात."

त्याने ओढली. पानिक तोवर बंदूक पुसायला बसली होती.