रुखमाबाईंच्या नावावरचे ठोके

मी एक तळहाताएवढी पेटी बोलतेय. डॉक्टर मला होल्टर म्हणतात. माणसाच्या छातीला तारांनी चिकटून राहायचं आणि त्याचे ठोके टिपायचे, हे माझं काम. जन्म कुठल्याशा कारखान्यातला. जाग मात्र आली बुलढाण्याच्या एका दवाखान्यात, पहिल्या छातीवर. तेव्हापासून मी भित्रीच. ठोका जरा चुकला की दचकते.

तिथे हृदयाच्या एका नव्या गोळीचा अभ्यास चालला होता. ती कुणाला मानवते, कुणाला नाही, ते माझ्या नोंदीवरून कळायचं. मोताळ्याकडच्या रुखमाबाई ती गोळी घेत होत्या. डॉक्टर सुहासिनींनी मला त्यांच्या छातीवर लावलं आणि बजावलं, उद्यापर्यंत काढायचं नाही.

पण घरी महालक्ष्म्या बसलेल्या. त्याच दुपारी सोवळ्यातला स्वयंपाक. कुणाकुणाच्या छातीवरून आलेली मी, देवीच्या नैवेद्याजवळ कशी चालेन? आणि मला रिकामं ठेवलं तर डॉक्टरीणबाई रागावतील. सून पुष्पांजली पाळीमुळे बाजूला बसली होती. रुखमाबाईंनी आंघोळीआधी मला काढून तिलाच चिकटवलं.

"तुले तं आज काई काम नाई. सांभाळ इले."

पुरण घाटता घाटता रुखमाबाई चुलीपाशी कोसळल्या. उंबऱ्याबाहेरून पुष्पांजलीनं पाहिलं. तिचं पाऊल आत पडेना. काळीज मात्र असं धावलं, की मी भेदरून गेले.

थोड्या वेळानं रुखमाबाई आपल्या आपणच उठल्या. कुणाजवळ बोलू नको म्हणाल्या; डॉक्टरीणबाई इतक्या मायेच्या, त्यांच्या गोळीला वाईट कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझी नोंद पाहिली. ठोके छान आहेत, म्हणाल्या, इथे एकदाच धावलेत. चक्कर वगैरे आली का?

"नाई जी," रुखमाबाई म्हणाल्या.

गोळी चालू ठेवायला डॉक्टरांनी पेन उचललं. खुर्चीमागे पुष्पांजली पदराचं टोक पिळत उभी होती.

"मॅडम, ते ठोके माह्ये आहेत. आत्याबाई पडल्या तवाचे."

डॉक्टर रागावल्या नाहीत. गोळी तिथल्या तिथे थांबवली आणि मला पुन्हा रुखमाबाईंना लावलं. एक ठोका ऐकला. मग काहीच नाही. मी वाट पाहत राहिले. किती उशिरानं आला पुढचा!

बायांनो, मला देवघराबाहेर ठेवा, रिकामी ठेवा. रिकामी होते, एवढं तरी खरं सांगेन. पण दुसऱ्याचं काळीज तुमच्या नावावर लावू नका. तेच वाचून ही गोळी उद्या कित्येकांच्या हातावर ठेवतील.

हे बोलतेय ते रुखमाबाईंच्याच छातीवरून, दवाखान्यातल्या खाटेवर. ठोके अजून अडखळतात. उशाशी पुष्पांजली बसलीय. तिचे पाळीचे दिवस सरलेले नाहीत. तरी रुखमाबाईंनी तिचा हात सोडलेला नाही.