बोललास का, विंझ?

मी बोलतेय. खरं तर बोलणं हे माझं काम नव्हे. एकदा आवाज करायचा आणि गप्प बसायचं, एवढंच मला येतं. पण ज्याने बोलायला हवं होतं तो ऐन वेळी खोटं बोलला, म्हणून या लोखंडी कपाटात उभ्या उभ्या मलाच तोंड उघडावं लागतंय.

मी एक शिकारीची रायफल आहे. नळी एकच, गोळीही एकच. मला मधून मोडायचं, काडतूस घालायचं आणि मिटायचं. माझा जन्म बंदुकांसाठी नावाजलेल्या फेरलाख गावचा, ओटिलिए नावाच्या बाईच्या कारखान्यात. माझा अक्रोडाचा दस्ता तिने इतका तासला की शेवटी तिलाच भीती वाटली. नळीही बारीक ठेवली. कारखान्यातल्या सगळ्या बहिणींत मी सर्वांत हलकी, आणि मला त्याचा गर्व होता. कसला गर्व करत होते मी, देव जाणे.

विंझेन्झ, म्हणजे विंझ, मला घ्यायला टिरोलच्या डोंगरांतून आला. दणकट हाडाचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. उभं आयुष्य रेल्वेचे आणि रस्त्यांचे बोगदे खणण्यात गेलेलं. इतर गिऱ्हाइकं बंदूक खांद्याला लावतात, एक डोळा मिटतात आणि उगाच मान डोलावतात. हा मात्र एकेक बंदूक पाठीला लटकवून लाकडाच्या माळ्याचा जिना चढू लागला.

ओटिलिए खालून ओरडली, "अहो, नेम बघायचा सोडून जिने कसले चढताय? घर घ्यायला आलात की बंदूक?"

"नेम चांगला आहे माझा," तो वरून म्हणाला.

मला घेऊन वर पोचला तेव्हा तो कठडा धरून थांबला आणि फळ्या बघण्याचं सोंग करू लागला. मी त्याच्या पाठीला टेकलेली होते. त्याच्या छातीत आत कुठेतरी वाळक्या पानांवर पाय पडल्यासारखा आवाज होत होता. बोगद्यांतली सगळी धूळ तिथे जाऊन बसली होती. खाली आल्यावर तो हसून म्हणाला, "हीच द्या."

"ही खांद्याला हलकी आहे, पण हातात ठरायची नाही," ओटिलिए म्हणाली. "लांबचा नेम धरायचा तर बंदुकीला वजन लागतं. तुम्हाला नक्की काय हवंय? हलकी, की लांबची?"

"दोन्ही."

"कशाला दोन्ही? आमच्याकडचे शिकारी जवळ जाऊन मारतात."

त्याने पैसे मोजले. माझ्यावर मोठी दुर्बीण बसवून घेतली आणि निघाला. त्याला हलकी हवी होती कारण चढवत नव्हतं, आणि लांबची हवी होती कारण जवळ जाववत नव्हतं. त्याचे पाय आणि त्याची छाती, दोघांची कामं त्याने माझ्या गळ्यात मारली होती.

घरी बुर्गीने, त्याच्या बायकोने, मला एका हाताने उचललं आणि नाक मुरडलं. "एवढंसं वजन कमी करायला इतक्या लांब गेलास? रात्रीचं डुकराचं मांस सोडलं असतंस तर याच्या दुप्पट पोटावरून उतरलं असतं!" दोघं खूप हसले. मग त्याला खोकला लागला आणि ती हसायची थांबली. डॉक्टरांनी डोंगर बंद करायला सांगितलाय, हे तिला ठाऊक होतं. हार्टलला मात्र ठाऊक नव्हतं, आणि त्याला कळू द्यायचं नाही अशी विंझने तिला शपथ घातली होती.

हार्टल म्हणजे विंझचा शाळेपासूनचा दोस्त आणि आमच्या खोऱ्याचा शिकार-राखणदार. कुणी काय मारायचं हे तो ठरवतो. तो बरोबर असल्याशिवाय विंझ कधी वर गेला नाही. हार्टलला कळलं तर तो आपल्याला वर नेणार नाही, आणि वर जाता आलं नाही तर आपण नुसते बाकावर बसून खोकणारे म्हातारे, एवढंच विंझच्या मनात होतं.

आता एक शब्द सांगते, कारण सगळं त्याच्यावरच येऊन अडलं. इथले शिकारी जनावर दिसल्याबरोबर गोळी घालत नाहीत. आधी त्याच्याशी 'बोलतात'. म्हणजे तोंडाने नव्हे. दुर्बिणीतून निरखायचं, नर की मादी, तरुण की म्हातारं, मागे पिल्लू आहे का, हे सगळं ओळखायचं. त्याला ते बोलणं म्हणतात. आणि गम्स, म्हणजे आमच्या कड्यांवरची आकडी शिंगांची रानबकरी, तिच्याशी बोलणं सगळ्यांत अवघड, कारण शिंगं नरालाही असतात आणि मादीलाही. नराचा आकडा जरा जास्त वळलेला असतो, इतकाच काय तो फरक. पिल्लाच्या आईला मारणं यासारखी दुसरी नामुष्की इथे नाही.

त्या शरदात पहिला बर्फ भुरभुरून गेला होता. विंझला एका म्हाताऱ्या नराची परवानगी मिळाली होती. हार्टल काठी आणि दुर्बीण घेऊन पुढे, मी विंझच्या पाठीवर मागे. विंझ मधेमधे बुटाची नाडी बांधायला वाकत होता. नाडी सुटलेली नसायचीच.

समोरच्या उतारावर, मोठ्या खडकाला लागून एक गम्स उभी दिसली. मधे खोल घळ. हार्टलने दुर्बीण लावली आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं.

"मान जाड वाटतेय, पण खडकाची सावली आहे रे. घळीतून वर जाऊ, जवळून बघू."

विंझने घळीकडे पाहिलं. त्याचा हात माझ्या पट्ट्यावर घट्ट झाला. मला कळलं, तो मनातल्या मनात ती घळ चढून बघतोय आणि अर्ध्यातच बसतोय.

"कशाला? हिला इथून जमतं," तो म्हणाला. पाठपिशवी खडकावर ठेवून त्याने मला तिच्यावर टेकवलंसुद्धा.

"हिला जमत असेल. तू बोललास का, विंझ?"

"बोललो."

"नक्की?"

"बोललो म्हटलं ना! नर आहे. म्हातारा आहे."

माझ्यावरच्या दुर्बिणीत मला जे दिसत होतं तेच त्याला दिसत होतं. दोन काळे आकडे आणि पाठीची एक रेघ. तेवढ्यावरून मला नर कळला नाही, त्याला कसा कळला? मला ओरडायचं होतं. पण बंदुकीला ओरडता येतं ते फक्त घोडा दाबल्यावर, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

गोळी नेमकी लागली. गम्स जागच्या जागी बसली. हार्टलने विंझच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला आणि तो तसाच हवेत राहिला.

खडकामागून एक पिल्लू बाहेर आलं. बोटाएवढ्या शिंगांचं. आईजवळ गेलं, तिला नाकाने ढोसलं आणि तिथेच उभं राहिलं.

"पिल्लू आहे विंझ! पिल्लू आहे तिला!"

आईविना ते थंडीत उपाशी मरणार, हे तिथल्या तिघांनाही ठाऊक होतं. मी तिसरी. अशा वेळी एकच दया उरते आणि ती गोळीचीच असते. विंझने मला मोडलं, दुसरं काडतूस घातलं. माझ्या हलकेपणाचा गर्व तिथे उतरला. जड बंदुकीने त्याचा थरकाप पोटात घेतला असता. माझ्यात मात्र त्याच्या छातीतला एकेक ठोका नळीच्या टोकापर्यंत जात होता. पिल्लू दुर्बिणीत वर खाली, वर खाली होत होतं. गोळी दगडावर फुटली. पिल्लाने कान टवकारले, पण ते आईला सोडून गेलं नाही.

हार्टलने त्याचं मनगट धरलं. "बस. आता लांबून एकही नाही. चल वर."

"तू जा हिला घेऊन," विंझ म्हणाला.

"का? तुझे पाय मोडलेत? आईला तू मारलंस, पिल्लाचं मी करू? इतक्या वर्षांत असं कुणी सांगितलंय मला? ऊठ!"

विंझ अजूनही सांगू शकला असता. दोन शब्दांचं काम होतं. पण तो उठला आणि घळीत उतरला. खालून धुकं वर यायला लागलं होतं. त्या घळीत मी त्याच्या पाठीवर काय काय ऐकलं ते आठवलं की आजही मला गंज चढल्यासारखं होतं. आधी तो चालत होता, मग हातपाय टेकून चढू लागला, मग एका दगडाला मिठी मारून पडला. त्याच्या घशातून आवाज येत होता, पण हवा जात नव्हती. हार्टल मागे वळून आला, विंझचे निळे पडलेले ओठ पाहिले आणि त्याच्याजवळ खाली बसला.

"कधीपासून?"

विंझ खोकतच राहिला.

"छातीत दम नाही, हे सांगायचा दम नव्हता तुझ्यात? गाढवा! मी तुला पाठीवर घालून नेलं असतं रे! आणि मघाशी सांगितलं असतंस तर एव्हाना वर पोचलो असतो मी!" हार्टलचे डोळे भरले होते. मला विंझच्या खांद्यावरून हिसकून घेऊन तो धावत सुटला.

पण धुकं आमच्याआधी पोचलं. हार्टल खडकाशी आला तेव्हा आई पायाला लागली म्हणून सापडली. पिल्लू दिसत नव्हतं. ऐकू मात्र येत होतं. अगदी जवळ, बहुतेक अंगणाएवढ्या अंतरावर, ते आईला हाका मारत होतं. लांब पल्ल्याची म्हणून मला विकत घेतलं होतं, आणि मी अंगणाएवढ्या अंतरावरचंही मारू शकत नव्हते. हार्टल मला धरून उभा राहिला. इकडे रोखलं, तिकडे रोखलं. शेवटी तो खरोखर तोंडाने बोलू लागला. "ये रे बाळा. ये. दिस की जरा." हाका हळूहळू वर कड्याकडे गेल्या आणि थांबल्या.

इथे मेलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून. दुसरी डहाळी शिकाऱ्याला टोपीत खोवायला देतात, मानाची. हार्टलने बुटक्या पाइनच्या दोन डहाळ्या मोडल्या. एक आईच्या तोंडात ठेवली. दुसरी घेऊन विंझकडे उतरला. विंझने टोपी काढून मांडीखाली दाबून धरली.

"टोपीसाठी नाही देत," हार्टल म्हणाला. "ही पिल्लाची आहे. सापडलं की ठेवायची." आणि त्याने ती माझ्या पट्ट्याला बांधली.

त्याच संध्याकाळी बर्फ सुरू झाला. हार्टल कुत्रं घेऊन रोज वर जात होता. विंझ खिडकीशी नळी लावून बसायचा, नाकातली, हवेची. हार्टल परतताना लांबूनच मान हलवायचा. मग एके दिवशी वाटच बंद झाली, आणि विंझने विचारायचं सोडून दिलं.

परवा इन्सब्रुक शहरातला एक दंतवैद्य मला विकत घ्यायचं म्हणून बघायला आला. बुर्गीनेच बोलावलं होतं, मी घरात असले की विंझ जेवत नाही म्हणून. त्याने मला उचललं आणि चेहरा खुलला. "वा! पिसासारखी आहे. किती लांबून मारते हो?"

विंझने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "तो शेजारचा गोठा. दारात उभी आहे ती गाय की बैल, सांगा."

"गाय."

"पोटुशी आहे का?"

"ते इथून कसं सांगणार?"

"मग तेवढ्या लांबूनसुद्धा नाही मारत ती," विंझ म्हणाला आणि धाप लागून थांबला. दंतवैद्याला ही थट्टा वाटली. हसत हसत त्याने माझ्या पट्ट्याची वाळकी डहाळी सोडायला हात घातला, आणि एरवी खुर्चीतून न उठणारा विंझ हवेची नळी ओढत, अडखळत आला आणि त्याने मला दंतवैद्याच्या हातातून काढून घेतलं.

मी परत कपाटात आहे. डहाळीच्या काड्या रोज थोड्या थोड्या तळाशी गळतात. आता मोजक्याच उरल्यात. दार उघडणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, मी वर जायला आसुसलेय. तसं नाहीये हो. तुमच्यापैकी कुणी त्या कड्याकडे जाणार असाल तर मला नेऊ नका. ही डहाळी तेवढी घेऊन जा, आणि बर्फ वितळल्यावर लहान शिंगं कुठे दिसली तर तिथे ठेवा.