रुखवतातली जनावरं

नवरीने भर पंगतीतून उठून जायचं नसतं. हे कोणाला शिकवावं लागतं का? आमच्या विनयाला लागलं. हातात जिलेबीचा घास, समोर माझा संग्राम तोंड उघडून बसलेला, दोन्हीकडची मंडळी "नाव घे, नाव घे" म्हणून गलका करताहेत, आणि ही "अर्नाळ्याच्या किनारी वाळू पसरली ओली" एवढंच म्हणाली. तेवढ्यात हॉलच्या दाराकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. झालं. घास परत ताटात ठेवला, शालू दोन्ही हातांनी वर धरला आणि मुंडावळ्या हलवत थेट रुखवताच्या टेबलाकडे निघाली. संग्राम तसाच तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघायला लागला, जसं काही घास आता मीच भरवणार होते.

मी उठले. सासू झाल्याला अजून दोन तास झाले नव्हते, पण काही गोष्टी वेळच्या वेळी सांगितलेल्या बऱ्या.

आता ते टेबल काय होतं, ते सांगते. लग्न ठरलं तेव्हा आमचा संग्राम मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, "आई, विनयाला एक छंद आहे." मुलीला दमा आहे म्हणून सांगावं, तसा आवाज खाली घेऊन. मी म्हटलं, "गाण्याचा?" तर म्हणे नाही, ती जनावरं जमवते. माणूस जन्माला यायच्या आधीची, आता उरलीच नाहीत अशी. रबराची, प्लास्टिकची, मातीची, मिळतील तशी. ऑफिसातून घरी येताना पदपथावर दिसलं की घ्यायचं, भंगारवाल्याच्या गाड्यावर हात घालायचा, कोणाचा भाऊ दुबईहून येणार असला की त्याला निरोप द्यायचा. अशी एक ट्रंक भरली होती. आणि तिचं एकच मागणं होतं, की आपल्या फुलपाड्याच्या घरी शोकेसमध्ये तिला एक कप्पा मिळावा.

माझ्या शोकेसमध्ये! भिंतभर आहे ते, सागवानी, सरकत्या काचांचं. ह्यांना कंपनीने दिलेलं घड्याळ त्यात, माझं मण्यांचं तोरण, काचेचा हंस, आग्र्याचा ताजमहाल. बिल्डिंगमधल्या बायका नवीन पाहुणा आला की त्याला आमच्याकडे शोकेस दाखवायला आणतात. त्यात सरडे बसवायचे?

पण सरळ नाही म्हणावं तर संग्रामचं तोंड पडणार. म्हणून सुपारी फुटली त्या दिवशी, आगाशीला त्यांच्या घरी, सगळ्यांसमोर मी व्याह्यांना सांगितलं, "सदानंदराव, आम्हाला काही नको. फक्त रुखवतात जे मांडाल, तेच आमच्या घरात येईल. रुखवतात नसेल ते आलं, तर मी दारातून परत पाठवीन." मनात म्हटलं, बरी अडकली. कोणती मुलगी स्वतःच्या लग्नात, चार बायका नाक मुरडायला येतात त्या टेबलावर, सरडे मांडेल?

विनया खाली मान घालून पोहे देत होती. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चालेल, आई."

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये पाऊल टाकलं तर माझ्या आधी माझी नणंद यमुना आत पोचलेली. तोंडाला पदर लावून हसत होती. मला बघून मोठ्याने म्हणाली, "वहिनी, सून आणताय की राणीची बाग?"

आजूबाजूच्या फिस्सकन हसल्या. मी म्हटलं, "वन्सं, तुमच्या रुखवतात दोन नारळांना नाकडोळे काढून नवरा-नवरी म्हणून बसवले होते. तुमच्या सासूने दुसऱ्या दिवशी त्यांची चटणी वाटली. माझ्या सुनेचं निदान कोणी खाणार तरी नाही."

बोलायला बोलले, पण आतून जळत होते. लोकांच्या खांद्यांवरून नुसत्या माना दिसत होत्या, लांब लांब, हिरव्या-करड्या. जवळ जाऊन बघायला सवडही नव्हती आणि इच्छाही नव्हती. भटजी घाई करत होते. शब्द माझाच होता, चारचौघांत दिलेला, त्यामुळे तोंड दाबून बसले.

आणि आता ही नवरी पंगत सोडून तिथे धावलेली.

मी पोचले तर टेबलापाशी यमुना उभी. एका हातात अर्धा लाडू, गालात उरलेला अर्धा. खाली फरशीवर एक जनावर आडवं पडलेलं, त्याचा मागचा पाय वेगळा झालेला. विनया गुडघ्यावर बसून तो पाय शोधत होती.

"मी फक्त लाडू घेतला," यमुना म्हणाली. "पदर अडकला त्याच्यात. लाडू ठेवलेत म्हणजे खायलाच ठेवलेत ना?"

"अंडी आहेत ती, आत्या," विनया खालूनच म्हणाली.

यमुनाचं तोंड चावता चावता थांबलं.

"वन्सं," मी म्हटलं, "अंडं खाल्लंत? आणि गुरुवारचं?"

"लाडूच आहेत," विनयाने घाईने सांगितलं. "रव्याचे. लांबट वळलेत. घरटं शेवयांचं आहे."

मग मी तिच्याकडे वळले. "आणि तू गं? माझा मुलगा तिथे तोंड वासून बसलाय, आणि तू इथे फरशी पुसतेस?"

"आई, एक मिनिट. पाय आत्ता लावला तर बसेल. मग तुकडा हरवतो, आणि दुसरा त्या मापाचा मिळत नाही." असं म्हणून तिने कमरेला खोचलेला रुमाल सोडला. नवरीच्या रुमालात काय असतं? फार तर आरसा, पावडर. हिच्या रुमालात चिकटवायची ट्यूब! दाताने तिचं टोपण काढलं, थेंबभर लावलं, पाय जागेवर टेकवला आणि मेंदीच्या दोन बोटांत धरून श्वास रोखून बसली.

श्वास रोखलेल्या माणसाला रागवता येत नाही. मला थांबणं आलं. आणि थांबायचं म्हटल्यावर समोर ते टेबलच होतं.

फुलपाड्यात लग्न निघालं की रुखवत मांडायला मला बोलावतात, हे इथे सांगायला हवं. शिक्षण माझं चौथीपर्यंत, पण मांडणी मला कोणी शिकवू नये. उंच वस्तू मागे, बुटकी पुढे, रंगाला रंग लागू द्यायचा नाही, टेबलाचे पाय दिसू द्यायचे नाहीत. मी चूक शोधायलाच नजर फिरवली.

टेबलाचे पाय दिसत नव्हते. डाव्या टोकाला निळ्या जरीच्या साडीचा समुद्र केला होता, चुण्या घालून, लाटा वाटाव्यात तशा. त्यात पोहणारे, डोक्यावर हाडांचं चिलखत असलेले मासे. मग अर्नाळ्याची वाळू, चाळलेली, त्यात कणभरही कचरा नाही. वाळूवर पाठीला शीड असलेला एक प्राणी, होडीचं असतं तसं उभं शीड. पुढे रान. नेच्याची पानं कुठून ताजी आणली होती, पाणी मारून ठेवली होती, भर उन्हाळ्यात एक पान मान टाकत नव्हतं. रानात मोठाले. आणि अगदी उजवीकडे, कापसाच्या बर्फात, एक केसाळ हत्ती. त्याचे केस म्हणजे नारळाचा काथ्या, एकेक दोरा विंचरून चिकटवलेला.

डावीकडून उजवीकडे जुन्याकडून नव्याकडे यायचं, हे मला कोणी न सांगता कळलं. प्रत्येकाच्या पायाशी पुठ्ठ्याची चिठ्ठी होती. मी अक्षर लावत वाचलं. 'पाठीवर शीड. मासे आणि लहान प्राणी खायचा. डायनोसॉरच्याही फार आधीचा.' मोठं, गोल, मोकळं अक्षर. माझ्यासारखीला वाचता यावं असं.

पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. रुखवतात बाहुल्या असतात ना, त्या सगळ्या समोर बघतात, फोटोला बसल्यासारख्या. मीही आयुष्यभर तशाच बसवल्या. इथे माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. पाणी पिणारा पाण्याकडे बघत होता. त्याच्या मागचा, पानांआड दबा धरलेला, त्याच्याकडे बघत होता. एक पिल्लू मागे राहिलं होतं आणि कळपातलं एकच मोठं जनावर मान वळवून त्याला शोधत होतं. आम्ही सगळे शेले-शालू नेसून तिथे उभे, आणि त्यांना आमचं काही पडलेलंच नव्हतं. मला पहिल्यांदा वाटलं, की आपणच आगंतुक आलोय.

"ह्याची शेपटी वर का?" मी विचारलं. मधल्या मोठ्या दातवाल्याकडे बोट केलं. "आमच्या संग्रामकडे लहानपणी होता, तो शेपटी टेकून बसायचा."

"ते चुकीचे बनवायचे, आई." पाय धरून ठेवलेलाच, मान तेवढी वर. "तो शेपटी मागे ताठ धरून चालायचा. डोकं एवढं जड, मग मागून तोल नको? मी गरम पाण्यात घालून शेपटी वर वाकवली. आणि बोटं तीन होती, ती दोन केली. त्याला दोनच असतात."

पाणवठ्यावरून डोक्यावर हंडा घेऊन येताना एक हात मागे धरावा लागतो, हे मला माहीत होतं. जनावर ताठ उभं होतं आणि खरंच पडत नव्हतं.

"आणि ही? जिची अंडी आमच्या वन्संनी खाल्ली?"

"ही आई आहे. पिल्लं बाहेर आली तरी घरट्यात त्यांना आणून भरवायची, असं म्हणतात. हिच्या नावाचा अर्थच चांगली आई."

"कोणी ठेवलं नाव? सुनेने नसेल ठेवलं."

विनया हसली, आणि पाय हलला, आणि परत धरून बसली. "आई, हसवू नका."

तेवढ्यात विहीणबाई आल्या, विनयाची आई. हातात पुठ्ठ्याचं खोकं. बाई घामाने भिजलेल्या, चेहरा उतरलेला. त्यांच्या कानावर राणीची बाग गेली होती. मला म्हणाल्या, "माफ करा हो. मी हिला किती सांगितलं. हे सगळं आम्ही आगाशीला परत नेतो. तुमच्या टेम्पोत फक्त भांडी, तोरण आणि फराळ चढेल. तुमच्या घरात अशा गोष्टी नकोत, मला समजतं." आणि केसाळ हत्तीवर हात टाकला.

विनयाने आईच्या हातातून हत्ती घेतला नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. नुसता तो चिकटवलेला पाय धरून बसली. पण ट्यूबवरचं झाकण लावायचं विसरली, आणि एवढ्या मेहनतीने विंचरलेला काथ्या खोक्याच्या कडेला घासला तेव्हा तिचे खांदे एकदम वर आले. मला ते दिसलं.

"बरं झालं," यमुना म्हणाली. लाडू एव्हाना पोटात गेला होता. "वहिनींच्या शोकेसला काय शोभा राहिली असती?"

शोकेस माझं. शोभा कशाने येते ते यमुनाने मला सांगायचं? जिने दोन नारळ मांडले होते?

"विहीणबाई, तो हत्ती खाली ठेवा," मी म्हटलं. "डावा पाय पुढे होता त्याचा. कापूस दाबला जाईल असा. हां, तसा."

त्यांनी ठेवला. पंगतीतून आमचे हे हाका मारत होते, मठ्ठा गरम होतोय म्हणून. संग्रामही येऊन उभा राहिला होता, तोंड एकदाचं मिटून. माझ्याकडे आणि विनयाकडे आळीपाळीने बघत होता. लहानपणी परीक्षेचा निकाल हातात देताना बघायचा, तसा.

विनयाने बोटं सोडली. पाय राहिला. तिने त्या आईला उचलून शेवयांच्या घरट्याशी उभं केलं, उरलेली अंडी सरकवून मधली रिकामी जागा झाकली, मान थोडी आत वळवली. मग पदर सावरून माझ्यासमोर उभी राहिली, शिक्षेला उभं राहावं तशी. गुडघ्यांवर शालूला फरशीची धूळ.

मी तिचा शालू झटकला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, कारण सुपारीलाही सगळ्यांसमोरच बोलले होते.

"हे बघ विनया. भर पंगतीतून उठलीस, ते चुकलं. परत उठलीस तर माझ्याशी गाठ आहे. रुखवतं मी पुष्कळ मांडली, पण जिवंत रुखवत आज बघितलं. ह्यातलं एकही जनावर आगाशीला जाणार नाही. टेम्पोत ती पुढे बसतील, ड्रायव्हरच्या शेजारी, माझ्या मांडीवर. वन्सं मागे भांड्यांबरोबर येतील. शोकेसचे मधले दोन कप्पे तुझे. हंस मी फ्रिजवर ठेवीन, तसाही तो कोणाकडे बघत नाही. फक्त मांडताना मला हाक मारायची, तुझ्या हत्तीच्या मागे अजून एक उंच काहीतरी हवंय. आणि आता चल. वाळू ओली टाकून आलीयेस तिथे. नाव पुरं कर, आणि माझ्या पोराला घास भरव. तुझ्या त्या चांगल्या आईनेसुद्धा पिल्लाला एवढा वेळ उपाशी ठेवलं नसतं."