खिशातली खरी थरथर

मित्रांनो, माझ्या पोटात एक इवलीशी मोटर आहे. तिच्या टोकाला एका बाजूस जड असा तुकडा बसविलेला आहे; तो वेगाने फिरला की माझे सर्वांग थरथरते. मी एक जुना, बटणांचा मोबाइल आहे. हिंगोलीच्या दुकानात काही काळ काचेआड बसलो आणि मग शकीलभाईंच्या खिशात संसारास लागलो.

शकीलभाई हळद पॉलिश करणाऱ्या ड्रमवर काम करतात. हळदीची धूळ बसून माझा रिंग वाजविणारा कंठ केव्हाच बंद पडला. तो दुरुस्त करण्यास कोणास सवड झाली नाही. म्हणून ते माझ्या थरथरीवरच विसंबून असतात.

त्या दिवशी त्यांची लेक मुन्नी कळमनुरीच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी दाखल होती. रक्त लागलेच तर शकीलभाईंचे जुळणार होते. तसे झाल्यास जावई सलमान फोन करणार होता.

आणि एक नवल घडले. मी गप्प असताना त्यांना माझी थरथर जाणवू लागली! ते ड्रम थांबवीत, मला काढून पाहत, पुन्हा ठेवीत. पोती शिवणारा दगडोबा हसून म्हणाला, "शकीलभाई, फोन न्हाई, तुमचं काळीज वाजून राहिलं!"

"आता न्हाई पाहत, बस!" शकीलभाई शरमून म्हणाले.

नेमका तेव्हाच सलमानचा फोन आला. मी जीव तोडून थरथरलो. पुन्हा भासच, असे समजून ते तसेच उभे राहिले. मी थांबलो; पुन्हा थरथरलो. हळद काढण्यास ड्रम बंद झाला, तेव्हा त्यांनी खिशावर तळहात ठेवला आणि मान हलविली.

"ड्रम थांबला, पण हातातली थरथर थांबत न्हाई."

दिवसभर हादरणाऱ्या ड्रमची चौकट धरलेल्या त्या हातास ड्रम आणि मी एकच झालो होतो. दगडोबाने कुतूहलाने खिशाला आपला हात लावून पाहिला.

"आवो, हा खराच वाजून राहिला! उचला!"

"अब्बा, जल्दी आव, खून देना है!" सलमान ओरडत होता.

"ड्रम मी पाहतो, तुमी निघा!" दगडोबाने त्यांना ढकललेच. समोरून जाणारी जीप मिळाली.

संध्याकाळी, रक्त देऊन बाहेर आल्यावर, शकीलभाईंनी मला कानाशी धरले. "दगडोबा, मुन्नी बराबर हाय. लेकरूबी बराबर हाय. तूबी आजा झालास!"

"पोरगी का पोरगं?"

ते विचारायचेच राहिले होते! मला तसेच चालू ठेवून शकीलभाई आत धावले.

मी निश्चल असताना माझी थरथर त्यांना कोठून जाणवत होती, हे कोडे मला अद्याप उलगडलेले नाही. परंतु मित्रांनो, एकदा फसलो म्हणून पाहणे सोडू नका. आणि स्वतःच्या हाताची खात्री वाटेनाशी झाली, तर शेजारच्याचा हात मागण्यास लाजू नका.