अड्याळ बॅले मंडळाचा पहिला खेळ

नागपुरात सात वर्षं बॅले शिकलेली गुंजन लग्न होऊन अड्याळला आली आणि सासऱ्यांच्या, म्हणजे दादाजींच्या, रिकाम्या धानगोदामात तिनं वर्ग काढला. पहिल्या दिवशी अकरा मुली आल्या. पायाच्या बोटांवर उभं राहायचं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी चार.

दादाजी म्हणाले, "चार पोरींचं मंडळ नाही होत बेटा. कॅरम होते."

गुंजननं ऐकलं नाही. धानाच्या रोवणीवर तिनं नाच बसवला. कपडे शिवायला शेवंताबाई येत. तीस वर्षं रोवणी केलेली ही बाई सुईत दोरा ओवता ओवता सगळी तालीम बघायची.

दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, दुपारी पहिला खेळ ठरला. आणि सकाळीच मुख्य नाचणारी डिंपल आकाशपाळण्यातून उतरताना पाय मुरगळून बसली. गुंजनला सहावा महिना. ती रडकुंडीला आली.

"काहून रडतं? मी करतो ना," शेवंताबाई म्हणाल्या. "मले सारा नाच पाठ हाय."

पाठ होता, पण अर्धाच. दुपारी मंचावर पुढचं आठवेना तशा त्या वाकल्या आणि सवयीनं रोवत रोवत मागं सरकू लागल्या. पुढं निघालेल्या तिन्ही मुली गोंधळून त्यांच्यामागोमाग उलट्या फिरल्या.

प्रेक्षकांतून त्यांच्याबरोबर रोवणीला जाणाऱ्या केशरबाई ओरडल्या, "शेवंता, ओळ वाकडी झाली वं!"

"मंग तूच ये नं वरतं!"

केशरबाई खरंच चढल्या. त्यांच्यामागून आणखी सात जणी. चिखलातून पाय उपसावा तशा सगळ्या टाचा उचलून मागं सरकत होत्या, हसत होत्या, एकमेकींना दटावत होत्या. गुंजननं बसवलेल्यातलं काहीच उरलं नव्हतं. तिला क्षणभर वाईट वाटलं. मग गाणं संपलं, तेव्हा तिनं स्वतःच ते पुन्हा लावलं. शिट्ट्या सुरू झाल्या. पहिली शिट्टी दादाजींची.

आता मंडळात बावीस जणी आहेत, त्यातल्या सोळा चाळिशीपुढच्या. दिघोरीला खेळ झाला. मग बपेऱ्याच्या मंडईवाल्यांचा फोन आला.

"तुमचे बैल किती जोड्या येतीन जी?"

"बैल नाही हो, बॅले. बाया आहेत. बावीस," गुंजन म्हणाली.

पलीकडे कुणाशी तरी कुजबुज झाली.

"चालते. मंग बैलायच्या तनसीच्या जागी पोहे सांगतो."