घावणे आणू नयेत

अकरा वर्षं दिवा स्टेशनजवळची आमची अख्खी सोसायटी त्या विश्रामकाकांची हांजी हांजी करत होती. का, तर पंपरूममध्ये पाइपांवरच्या चार चाव्या कुठल्या क्रमाने फिरवायच्या, ते या एकट्या सेक्रेटरीला ठाऊक. त्याने फिरवल्या तर पाणी वर चढणार, नाहीतर बसा बोंबलत. कुलूपही नाही हो तिथे, भीतीनेच कोणी हात लावत नव्हतं. म्हणून कोण त्याला स्टेशनला सोडतंय, कोण घावणे पोचवतंय. मीही पोचवलेत, खोटं कशाला बोलू.

मागच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, काका, तो क्रम लिहून बोर्डावर लावा. तर हसले. तुम्हा बायकांना झेपायचं नाही म्हणे. दुसऱ्या दिवसापासून आमच्या विंगचं पाणी आटलं. घरात माझी आई लकव्याने अंथरुणाला खिळलेली. सहा दिवस तिला ओल्या फडक्याने पुसत होते. पाठीला जखमा व्हायला लागल्या. तो वास अजून माझ्या नाकातून जात नाही.

सातव्या दिवशी तडक आंबिवलीला गेले. आमचे पाइप बसवणारा धोंडिबा प्लंबर तिथे राहतो. त्याने कॅलेंडरच्या पाठीवर काढून दिलं. आधी तिसरी बंद, मग पहिली अर्धी, पंपाचा आवाज बदलला की चौथी पूर्ण. दुसरीला हात लावायचा नाही. झालं! पाच मिनिटांचं काम. एवढ्याशावर हा माणूस राजा झालेला. शी!

घरी येऊन चाव्या फिरवल्या, पाणी चढलं, आईला आंघोळ घातली. ती रडली. मग तो कागद बोर्डावर लावला. दुपारी बघते तर गायब. मला वाटलं, काकाच, दुसरं कोण.

संध्याकाळी आमच्याच मजल्यावरची सरोज आली, माझ्यासारखीच सहा दिवस कोरडी राहिलेली. एका हातात डबा, दुसऱ्यात घडी घातलेला माझाच कागद.

"अगं प्राची, सगळ्यांना कशाला सांगतेस?" ती हळूच म्हणाली. "आपल्या दोघींनाच ठाऊक असू दे. आता आपल्यालाही कोणी विचारेल."

डब्यात घावणे होते, गरम. मला किळस आली. आणि खरं सांगू, क्षणभर माझा हात पुढे गेला, त्याची तर जास्तच आली.

डबा तिच्याकडे परत सारला. लाल ऑइलपेंट घेऊन खाली गेले आणि पंपरूमच्या भिंतीवर क्रम लिहिला, वीतभर उंचीच्या अक्षरांत. शेवटची ओळ माझी: घावणे आणू नयेत.