ओटीवरची पेशी

आगाशीच्या नरहरी सुभेदारांनी फौज सोडून बरीच वर्षं झाली होती, पण फौजेने काही त्यांना सोडलं नव्हतं. वाडीतली एखादी केळ रांग सोडून वाढली तरी त्यांचं डोकं फिरायचं. वसई-विरारकडची सैन्यात गेलेली पोरं काही भानगड झाली की त्यांच्याकडे सल्ल्याला येत. सुभेदार त्यांना ओटीवर उभं करत, टोपी आणि पट्टा काढायला लावत आणि स्वतः कमांडिंग ऑफिसर होऊन झोपाळ्यावर बसत. पेशीला, म्हणजे साहेबासमोरच्या सुनावणीला, जवानाला तसंच नेतात, उघड्या डोक्याने, पट्ट्याशिवाय, आणि तिथे भल्याभल्यांची बोबडी वळते. त्यापेक्षा ती आधी ओटीवर वळलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. रुक्मिणीबाई याला "ह्यांचं नाटक" म्हणत. पण या नाटकाने काही पोरांच्या नोकऱ्या वाचल्या होत्या, हे त्याही कबूल करत.

त्या दुपारी बोळिंजहून सीमा आपल्या मुलाला, उमंगला घेऊन आली. त्याची रजा संपून तीन आठवडे होत आले होते, आणि पोरगा राजस्थानातल्या आपल्या युनिटला परत जायचं नाव काढत नव्हता.

"सुभेदारसाहेब, काहीतरी चांगलं कारण काढून द्या," सीमा म्हणाली. "ओळखीचा डॉक्टर आहे, कावीळ लिहून देतो म्हणतो."

"कावीळबिवीळ काही नको," सुभेदार गरजले. "खोटा कागद नेला तर उशीर राहील बाजूला आणि खोटेपणाचा गुन्हा वेगळा लागेल. तुम्ही आत बसा. मी बघतो."

सीमा रुक्मिणीबाईंबरोबर स्वयंपाकघरात गेली. सुभेदार खुशीत होते. रजेवरून उशीर, म्हणजे त्यांच्या हातचा मळ. त्यांनी पोराला पट्टा काढायला लावला, सावधानमध्ये उभं केलं आणि फौजी हिंदीत विचारलं, "छुट्टी से वापस क्यों नहीं आया?"

"कोई कारण नहीं, साब."

सुभेदारांना क्षणभर बरंच वाटलं. रंगरूट असल्यापासून हेच तर शिकवतात. कारण सांगणं म्हणजे बहाणा, आणि बहाणा करणाऱ्याला कंपनीत कुणी किंमत देत नाही. पण मैदानावर शाबासकी मिळवून देणारं हे उत्तर पेशीत गळ्याशी येतं. तिथे एवढंच बघतात, की परत यायचा इरादा होता की नव्हता. होता, तर उशीर. नव्हता, तर पळून जाणं, आणि मग तुरुंगही आला आणि नोकरीवरही पाणी पडलं.

"वर्दी कुठाय?" त्यांनी मराठीत विचारलं.

"घरी. रोज इस्त्री करतो."

"ओळखपत्र?"

"खिशात आहे."

"मग इरादा आहे ना तुझा?"

"आहे. रोज विरार स्टेशनला जातो, साहेब. गाडी येते, आणि मी परत येतो."

"का?"

"कोई कारण नहीं, साब."

सुभेदारांच्या डोक्याचा पार भुगा झाला. पळणारे त्यांनी पाहिले होते, ते वर्दी जाळतात नाहीतर विकतात. आळशी पाहिले होते, ते कावीळ आणतात. वर्दीला इस्त्री करून घरी बसणारा हा कुठल्या खणात टाकायचा? त्यांनी उलटसुलट विचारून पाहिलं. बापाचं आजारपण, लग्नाची बोलणी, हवालदाराचा जाच. प्रत्येक प्रश्नाला पोरगा भिंतीकडे बघत तेच वाक्य म्हणायचा, आणि सुभेदार अधिकच गोंधळत. शेवटी त्यांना कळलं, की झोपाळ्यावर साहेब बसलाय तोवर हा पोरगा जवानच राहणार, आणि जवानाला फक्त तेवढंच उत्तर येतं.

ते उठून खाली पायरीवर बसले आणि घरच्या बोलीवर आले. "बस इकडं, पोरा. काय झाला, सांग मना."

उमंग बसला. मग म्हणाला, "काका, नंदाखाल गावचा मार्सेल माझ्याच कंपनीत आहे."

सुभेदार चपापले. मार्सेलचे वडील फर्डिनंड गेल्याच आठवड्यात याच पायरीवर बसून गेले होते. पोरगा पहाऱ्यावर झोपलेला सापडला, सोडवा म्हणत होते. सुभेदारांनी त्यांना खडसावून सांगितलं होतं, झोप ती झोप, फौज तिला कारण विचारत नाही. गुन्हा कबूल करायला सांगा, जास्त बोलू नको म्हणावं, शिक्षा कमी होईल.

"त्या रात्री आधीची पाळी माझी होती," उमंग म्हणाला. "कृतिकाशी लग्न ठरलं होतं, तिचा फोन आला. मार्सेल म्हणाला, जा, बोल तू, तुझी पाळीपण मीच काढतो. मी बोलत बसलो. माझी संपली, मग त्याची सुरू झाली. दोन पाळ्या एकटा उभा राहिला तो, आणि दुसरीत त्याला झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी रजेवर निघालो. त्याने अजून माझं नाव घेतलेलं नाही."

सुभेदार मनात हिशेब करू लागले. पहारा सोडून जाणं हा झोपण्याइतकाच मोठा गुन्हा, कदाचित त्याहूनही मोठा. पोराने तोंड उघडलं तर हाही अडकेल. आणि तो मार्सेल? परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागी उभा राहिला, म्हणून त्याच्यावर आणखी एक कलम चढायचं की थकव्यामुळे शिक्षा हलकी व्हायची? त्यांना सांगता येईना. एका बापाला गप्प राहा सांगितलं, आता या आईच्या लेकालाही गप्प राहा सांगायचं? कायद्याने तेच बरोबर होतं. स्वतःविरुद्ध बोलायला जवानाला कुणी भाग पाडू शकत नाही, हे त्यांनीच कित्येक पोरांकडून घोकून घेतलं होतं. तरीही ते वाक्य आज त्यांना म्हणवेना, आणि या गोष्टीचा त्यांना मनस्वी राग आला.

"उशिराचं सांगतो," ते शेवटी म्हणाले. "स्वतःहून हजर हो. गुन्हा कबूल कर. वाचल्याशिवाय कुठे सही करू नकोस, आणि मदतीला माणूस माग, तो तुझा हक्क आहे. पहिलाच उशीर आहे, निभावेल. बाकीचं कुणी विचारलेलं नाही तुला."

"विचारलं नाही, म्हणून तर जाता येत नाही, काका," उमंग म्हणाला. "गेलो की आपणहून सांगावं लागेल. मी सांगितलं तर तो सुटेल?"

"मला ठाऊक नाही."

"मी राहीन नोकरीत?"

"तेही ठाऊक नाही रे."

उमंगने मान हलवली. सुभेदारांना वाटलं, आता उठून घरी जाईल. तो उठला खरा, पण ओटीवर जाऊन सावधानमध्ये उभा राहिला. "हिंदीत कसं सांगायचं ते शिकवा. माझं तिथे गेल्यावर ततपप होतं."

सुभेदार झोपाळ्याकडे गेले नाहीत. ते त्याच्या शेजारी उभे राहिले, पोराच्या बाजूने, समोरच्या रिकाम्या झोपाळ्याकडे तोंड करून. आयुष्यभर काय बोलू नये हे शिकवणाऱ्या माणसाने एकेक शब्द जुळवला. "साब, मार्सेल से पहले की ड्यूटी मेरी थी. वो भी उसी ने की."

उमंगने म्हटलं. आवाज मध्येच फाटला.

"पुन्हा म्हण. 'मेरी थी' वर खाली बघू नकोस."

तो पुन्हा म्हणाला. मग आणखी एकदा म्हणाला, तेव्हा त्याची मान सरळ होती आणि सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्यात सीमा चहा घेऊन बाहेर आली. पोरगा मोठ्याने, न अडखळता काहीतरी पाठ म्हणतोय हे पाहून तिचा चेहरा उजळला.

"बरं झालं, साहेब," ती म्हणाली. "काढलंत ना काहीतरी कारण त्याच्यासाठी."

"मी नाही काढलं," नरहरी म्हणाले. "त्याचंच आहे ते. जरा बसा, तो सांगेल तुम्हाला."